कपाळावरचा भोवरा

माझं सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेलं काम म्हणजे बारा बाय आठ फुटांचा एक बैल. कामशेतच्या नाक्यावर, जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला तो नऊ दिवस उभा होता. मागे केशरी किरणं, डोक्यावर सोनेरी मुकुट, खाली ‘घाटाचा राजा’ आणि त्याच्याही खाली एकोणीस शुभेच्छुकांचे गोल फोटो. बैलाचा वाढदिवस होता. फ्लेक्स लावायची परवानगी घेतली होती का, हे मी विचारलं नाही. चार वर्षं उपयोजित कला शिकून, शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात पहिल्या तिघांत येऊन मी या बैलापर्यंत पोचले होते. तो करताना ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून दुकानाच्या काचेकडे पाठ करून बसायचे.

मी 2018 साली पदवी घेतली. कॉलेज म्हटलं की मला चित्रं कमी आणि जागरणं जास्त आठवतात. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या जिन्यात माउंटबोर्ड कापत बसलेल्या मुली, कटरने कापलेलं बोट आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांपुढे लेआउटवर पडलेला सरांचा अंगठा. आमच्या एका सरांना ती सवयच होती. चित्राचा एखादा कोपरा अंगठ्याने झाकायचे आणि विचारायचे, “हे इथं नसतं तर काय बिघडलं असतं?” उत्तर देता आलं नाही की तो भाग उडाला. दोन मिलिमीटर सरकलेला समास त्यांना दारातून दिसायचा. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना काय काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

मग बाणेरला एका एजन्सीत लागले. सकाळची लोकल, खडकीला उतरून बस, आणि दिवसभर ‘क्रिएटिव्ह’. एका ब्रँडचे महिन्याला तीस, माझ्याकडे पाच ब्रँड. वर्षाचं कॅलेंडर समोर चिकटवलेलं असायचं आणि त्यातला एकही दिवस रिकामा नव्हता. संक्रांतीला मी टायरच्या मधल्या भोकात तिळगूळ ठेवला आहे, वटपौर्णिमेला पाण्याच्या टाकीभोवती दोरा गुंडाळला आहे. कामाची लाज नव्हती, सुरुवातीला तर मजाच यायची. खटकायला लागलं ते वेगळंच. फाइल पाठवली की चाळीस सेकंदांत अंगठ्याचं चिन्ह यायचं. इथेही अंगठाच, पण हा फाइल न उघडताच वर झालेला. एकदा ‘हार्दिक’मधली पहिली वेलांटी माझ्या हातून दुसरी गेली. पोस्ट पडल्यावर रात्री अकराला लक्षात आलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बघते तर चारशे लाइक आणि त्या ‘हार्दीक’बद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. सुटले असं वाटायला हवं होतं. मला ती सकाळ अजून आठवते, कारण त्या दिवसापासून मी वेलांट्या तपासणं सोडून दिलं.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. आधी पगार निम्मा झाला, मग “सध्या थांबू या” असा फोन आला. मी मळवलीजवळच्या आमच्या घरी परत आले. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या गोठ्याचे पत्रे शेजारच्या खाचरात जाऊन पडले आणि नऊ दिवस वीज नव्हती. घरचे हैराण. मला मात्र आतून बरं वाटत होतं. लॅपटॉप चार्ज नाही, त्यामुळे काम का करत नाहीस असं कुणी विचारणार नव्हतं, मी स्वतःलाही नाही. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

वीज आली आणि सबब गेली. पुढचं दीड वर्ष मी ‘परत सुरू करण्याची’ तयारी करत होते. हप्त्यावर टॅब्लेट घेतला. ब्रशचे संच उतरवून घेतले, एकूण चौदाशे. ‘पर्सनल’ नावाचं फोल्डर केलं, त्यात त्रेचाळीस फाइली. उघडून बघाल तर बहुतेकांत पांढरा कागद आणि फार तर एक गोल. मग रोज एक देवनागरी अक्षर काढायचं असं जाहीर केलं. क झाला, ख झाला, ग, घ झाले. पाचव्या दिवशी ङ आला. ङ वरून सुरू होणारा शब्दच मराठीत नाही, तर चित्र कशाचं काढणार? थांबले. एवढं सज्जड कारण पुन्हा मिळालं नसतं.

जो तो सांगायचा, निसर्गात जा, मन ताजं होईल. आता मावळातल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे कमालच. आमच्या परसातून धबधबा दिसतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग भुशी डॅमपासून लागते, दूध आणायला निघालं तर तासभर अडकायला होतं. ही सगळी माणसं जिथं मन ताजं करायला येत होती तिथं बसून माझं मन शिळं झालं होतं. तरी गेले, वही घेऊन लोहगडावर. विंचूकाट्याच्या टोकापर्यंत ढगात काही दिसलं नाही, कागद ओला होऊन पापडासारखा फुगला आणि उतरताना भाजलेलं कणीस खाऊन घरी आले. पावसाळ्यात आमच्याकडे कपडेच वाळत नाहीत तर कार्ट्रिज पेपरची काय कथा.

फ्लेक्सच्या दुकानात गेले ती पैशासाठी. टॅब्लेटचे हप्ते थकले होते. कामशेतच्या बाजारपेठेतलं दुकान, एक प्लॉटर, दोन कॉम्प्युटर, एक डिझायनर नुकताच सोडून गेलेला. मालकांनी माझा पोर्टफोलिओ बघितला नाही. विचारलं, “कटिंग येतं ना? आणि श्रीलिपी?” फोटोतला माणूस पार्श्वभूमीतून कापून काढणं म्हणजे कटिंग. ते येत होतं. मराठी टायपिंगने मात्र घाम फोडला. त्यांचं कोरल इतकं जुनं की युनिकोडमधला मजकूर चिकटवला की रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. पहिल्या आठवड्यात एका सरपंचांच्या नावातला रफार पुढच्या अक्षरावर बसला. छापायच्या आधीच त्यांच्या पुतण्याने पकडलं म्हणून बरं.

2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली होती. बंदीमुळे इतकी वर्षं दाबून ठेवलेली हौस एकदम उसळली. यात्रा, शर्यतींचे घाट, बक्षिसांच्या ढाली, आणि प्रत्येक गोष्टीचा फ्लेक्स. पंधरा रुपये फुटाने दिवसाला आठ-दहा कामं निघायची. त्यातच तो गाडामालक आला. वय साठीच्या घरात, अंगात बंडी, बरोबर मुलगा. मुलाने मोबाइलवरून बैलाचा फोटो पाठवला. पांढराशुभ्र खिलार, मान वर केलेली, नजर थेट कॅमेऱ्यात. फोटो पाठवण्यात दबून गेलेला, त्यामुळे कातडीवर चौकोनी ठिपके उठलेले. ते मी साफ केले, शिंगांच्या कडा नीट केल्या, डोळ्यांत थोडी चमक घातली. कपाळाच्या मध्यावर केस विस्कटल्यासारखं काहीतरी दिसत होतं. हीलिंग ब्रशच्या तीन फटक्यांत तेही गुळगुळीत केलं. मुकुट बसवायला सोपं गेलं.

संध्याकाळी प्रूफ बघायला म्हातारबाबा एकटेच आले. स्क्रीनसमोर उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले, मग चष्मा काढून पुसून परत घातला. मी शेजारी उभी. दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. एवढा वेळ माझ्या कामाकडे कॉलेजनंतर कुणी बघितलं नव्हतं.

“ताई, ह्यो आपला बैल न्हाई.”

मी फोटो दाखवला. हाच की, बाबा, तुमच्या मुलाने पाठवलेला.

“फोटू त्योच हाय. पर ह्याचा भवरा कुठं गेला?”

कपाळावरचा भोवरा. मी जे विस्कटलेले केस समजून पुसलं होतं तो. गुरं घेताना माणसं भोवरा बघून घेतात, कुठला शुभ, कुठला खोडीचा, हे सगळं शास्त्र मला त्या दिवशी कळलं, मावळात जन्मून पंचवीस वर्षं झाल्यावर. बाबा चिडले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की हाच फोटो असताना बैल दुसरा कसा झाला. मूळ फोटोचा लेयर शाबूत होता. तो वर आणला, भोवरा परत आला. मग त्यांनी स्क्रीनला बोट लावून आणखी दाखवलं. डाव्या शिंगाला टोकाशी किंचित वळण आहे, ते मी सरळ केलं होतं. मुकुट भोवऱ्यावर येतोय, तो वर सरकवा. सव्वा तास गेला. चौदाशे चाळीस रुपयांचं काम. मालक दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले.

त्या रात्री घरी जाऊन मी काही काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोटो कापताना माझा हात थोडा हळू चालायला लागला. बारशाच्या फ्लेक्सवरच्या बाळाच्या गालावरची तीट मी ठेवली. साठीशांतीच्या फ्लेक्सवर आजींच्या कपाळावरचं गोंदण ठेवलं. त्यांच्या नातीने ते काढायला सांगितलं होतं, आजी स्वतः आल्या आणि म्हणाल्या, बरं झालं राहिलं. मी इतके दिवस कल्पना सुचत नाहीत म्हणून रडत होते. कल्पना कॉलेजातही काही धो-धो सुचत नव्हत्या. तेव्हा अंगठा ठेवणारं कुणीतरी होतं, सोमवारी वर्गात वाट बघत. ते माणूस गेल्यावर हात थांबला होता, आणि मी ब्रश उतरवून घेत बसले होते.

बघण्याची ही सवय मग घरापर्यंत आली. आमच्या देवघरात पणजीच्या वेळची लक्ष्मीची तसबीर आहे, काठांना वाळवी लागलेली. रोज नमस्कार करायची, बघितली कधी नव्हती. छपाई तपासायचं भिंग, दुकानातला लूप, घरी आणला होता, तो तिच्या काचेवर टेकवला. आताच्या ऑफसेट छपाईत ठिपके ठरावीक अंतरावर, चार रंगांची छोटी फुलं असावीत तसे पडतात. इथं तसं काही नव्हतं. गालावर गुलाबी, तपकिरी, फिकट पिवळे ठिपके विखुरलेले, एक दुसऱ्यासारखा नाही, कारण प्रत्येक ठिपका कुणीतरी हाताने दगडावर दिलेला होता. लिथोच्या, म्हणजे दगडी छाप्याच्या, रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि कागद तेवढ्या वेळा दगडावर न चुकता त्याच जागी बसावा लागतो. लक्ष्मीच्या डाव्या कानाशी लाल रंग अर्धा मिलिमीटर सरकला होता. आमच्या सरांना दारातून दिसला असता. खाली बारीक इंग्रजी अक्षरं होती: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

म्हणजे आमचंच गाव. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत काढलेला छापखाना 1899 च्या सुमारास मळवलीला आला, हे मी कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि पेपरात लिहून विसरलेही होते. ज्या स्टेशनावर मी रोज लोकल पकडायची तिथून चालत जाण्याच्या अंतरावर देशभरच्या देवघरांतल्या लक्ष्म्या आणि सरस्वत्या छापल्या जात होत्या. धंदा मात्र बुडाला. कर्ज झालं आणि रविवर्म्याने छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. त्याने देवांबरोबर कॅलेंडरं छापली, मालाची लेबलं छापली. धुंडिराज गोविंद फाळके या छापखान्यासाठी काम करत, पुढे लोणावळ्यात त्यांनी स्वतःचं एन्ग्रेव्हिंगचं काम काढलं, मग छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलं, आणि त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला 1913 साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. फाळक्यांच्या पंगतीत बसायची माझी हौस नाही. पण सव्विसाव्या वर्षी आपलं सगळं संपलं असं मानून बसणं जरा घाईचं आहे, एवढं त्या आकड्याने मला पटवलं. छापखाना 1972 साली आगीत गेला.

रविवारी दुकान बंद, तेव्हा लेणी बघायला लागले. भाजे तर एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की आलंच. लहानपणी शाळेची सहल तिथंच, डबा खाऊन परत. आता बघितलं तर चैत्यगृहातले खांब आत झुकलेले. खालून वर बघताना आधी वाटलं आपलीच मान वाकडी झाली. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे तिरके लावावे लागत. दगडात कोरताना त्याची काही गरज नव्हती, तरी सुताराची सवय पाथरवटाच्या हातात उतरली. फाइल सेव्ह करायला आपण अजून फ्लॉपीच्या चित्रावर टिचकी मारतो, तसंच. नंतरच्या काळातल्या कार्ल्याला खांब सरळ झालेत.

कार्ल्याला मी चार रविवार गेले ते अक्षरांसाठी. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी बाहेर, आत चैत्यगृहात त्या मानाने शांत. खांबांवर ब्राह्मीत दानाचे लेख आहेत. भाषांतर वाचलं तेव्हा मला हसूच फुटलं. अमुक गावच्या अमक्याचं दान, तमुक गावच्या तमक्याचं दान. खांबागणिक नाव. हे तर आमचे शुभेच्छुक! बैलाच्या फ्लेक्सवर एकोणीस फोटो कसे बसवायचे म्हणून मी डोकं फोडत होते, आणि इथं दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तोच प्रश्न सोडवला होता. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने प्रवेशद्वाराचं दान दिलं, असा एक लेख आहे. त्यापेक्षा मला दुसरा आवडतो. त्याच गावच्या स्वामी नावाच्या सुताराने दाराचं काम केलं, असं त्यात आहे. पैसे देणाऱ्याबरोबर करणाऱ्याचंही नाव. आमच्या धंद्यात फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचा नंबर येतो, तोही मालकांचा.

ही गोष्ट इथं गोड करून संपवता आली असती, पण नंतरचं सांगायला हवं. 2023 ला मी दुकान सोडून स्वतःची कामं घ्यायला लागले आणि पहिल्याच मोठ्या कामात तोंडावर पडले. लोणावळ्यातल्या एका छोट्या चिक्कीवाल्याचा खोका. मोठ्या नावांच्या गर्दीत त्याला वेगळं दिसायचं होतं. मी केला फिकट पांढरा, मध्ये बारीक रेषेत शेंगदाण्याचं रोप, अक्षरं नाजूक. सुंदर होता, अजून माझ्याकडे एक आहे. दोन हजार नग छापले. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, “ताई, माल हलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं औषधाचा खोका आहे का?”

मी जाऊन एक अख्खा रविवार त्याच्या दुकानात उभी राहिले, जे आधी करायला हवं होतं. बाहेर पाऊस, गाडी कशीबशी लावलेली, मागून हॉर्न, हातात भिजलेली छत्री आणि कडेवर पोर. गिऱ्हाईक काउंटरपलीकडून बोट दाखवून ‘तो द्या’ म्हणतं. आणि खोके आडवे रचलेले असतात. वरची बाजू, जिच्यावर मी तीन आठवडे घालवले होते, ती कुणाला दिसतच नव्हती. दिसत होती फक्त बाजूची दोन बोटं रुंदीची पट्टी, आणि तिच्यावर मी काय ठेवलं होतं तर बारकोड आणि परवान्याचा नंबर. पुढचा खोका मी फुकट करून दिला. लाल, पट्टीवर जाड अक्षरांत ‘शेंगदाणा’, ‘काजू’, ‘तीळ’. डायही बदलून घेतला, पट्टी अर्धा इंच रुंद केली. याला कुठल्या प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही.

हुरूप अजूनही रोज येत नाही. आषाढात कामं कमी होतात तेव्हा जुनी मरगळ येऊन बसतेच. तेव्हा मी नवे ब्रश उतरवून घेत नाही, बाजारपेठेत जाऊन कुणाचं काही अडलंय का बघते. एका खानावळीची पाटी केली, वडगावच्या एका शेतकरी गटाची इंद्रायणी तांदळाची पिशवी केली. ‘पर्सनल’ फोल्डर तसंच आहे. ङ अजून व्हायचा आहे. आणि फ्लेक्स हा प्लॅस्टिकचाच पदार्थ, कुजत नाही, हेही डोक्यात असतं. माझी कितीतरी कामं मी लोकलच्या खिडकीतून पुन्हा बघितली आहेत, कान्ह्याजवळ पेंढ्याच्या गंजीवर उलटी अंथरलेली, कुणाच्या झोपडीला पावसाआड बांधलेली.

मागच्या पावसाळ्यात ते बाबा पुन्हा आले, या वेळी शोधत शोधत माझ्या घरी. बैल गेला होता. दहावा करायचा होता, गाव जेवू घालायचं होतं. मी जुनी फाइल काढली. त्यांनी पूर्वीसारखाच चष्मा पुसून घातला आणि बराच वेळ बघत राहिले. मुकुट काढायला सांगितला, किरणं काढायला सांगितली, शुभेच्छुक तर नव्हतेच. मी विचारलं, श्रद्धांजलीला फोटो काळा-पांढरा करतात, तसा करू का?

“त्यो पांढराच व्हता की. हाय तसा ऱ्हाऊ द्या.”

किती बाय किती, मी वही उघडून विचारलं. गुरुवारी दहावा होता, म्हणजे बुधवारी संध्याकाळपर्यंत द्यायला लागणार.

“सहा बाय चार,” बाबा म्हणाले. “गोठ्यात लावायचाय.”